सार्वजनिक शेजार

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत तिसरे एक वाक्य राहून गेले आहे, असे आम्हांला नेहमी वाटते : ‘शेजार पाहावा राहून.’ घर बांधता येते, विकत घेता येते, मनास न आल्यास त्याच्या भिंती इकडच्या तिकडे करता येतात. शेजार मात्र मिळेल तसा पत्करावा लागतो. शेजारी माणसे असतील तर निदान विरजणाच्या निमित्ताने बोलणे सुरू होते, सणावाराला ताटे इकडून तिकडे जातात आणि भांडण झालेच तर ते मिटवायलाही कोणीतरी असते. पण शेजारी शाळा, इस्पितळ, बसस्थानक, स्मशान किंवा पाण्याची टाकी असेल तर? तेथे विरजण मागायला जाता येत नाही. तो शेजार एकट्या आपला नसतो, साऱ्या गावाचा असतो. आपल्या वाट्याला येते ती फक्त त्याची भिंत.

घरांच्या जाहिराती बारकाईने वाचणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. शाळा जवळ, इस्पितळ जवळ, बाजार जवळ, बसथांबा जवळ, असे त्यांत अभिमानाने लिहिलेले असते. ‘शाळेला लागून’ असे मात्र कोणी लिहीत नाही. ‘जवळ’ म्हणजे सोय आणि ‘लगत’ म्हणजे गैरसोय. या दोन शब्दांमध्ये जेमतेम शंभर पावलांचे अंतर असते आणि घराची किंमत त्या शंभर पावलांत ठरते. मंदिराची सावली घरावर पडू नये, असे वास्तुशास्त्राचे जाणकार सांगतात. म्हणजे देवसुद्धा आपल्याला जवळ हवा असतो, लगत नको असतो! मग कचऱ्याची काय कथा?

आम्ही दोघे शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आणि २०१९ साली इंदूरच्या पश्चिम भागातील एका वसाहतीत घर घेतले. अठ्ठावीस वर्षे भाड्याच्या घरात काढलेली. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली होती, ती किती आहे हे ठाऊक होते आणि तिच्यात काय बसते हेही ठाऊक होते. या घरात ती बसत होती. तीन खोल्या, पूर्वेचे ऊन, दारात प्राजक्त आणि मागच्या भिंतीपलीकडे एक अरुंद गल्ली सोडून कचऱ्याचे ट्रान्सफर स्टेशन. दलालाने आम्हांला दुपारी नेले, कारण दुपारी ते केंद्र शांत असते. आम्ही मग आपल्या पायांनी आणखी दोनदा गेलो, एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा रात्री. जे दिसायचे ते दिसले, ज्याचा वास यायचा त्याचा आला. सगळे पाहून, नाकाने हुंगून, आम्ही विसार दिला.

रजिस्ट्रीच्या वेळी एक गंमत झाली. मध्य प्रदेशात मुद्रांक शुल्क कलेक्टर-गाइडलाइनच्या दराप्रमाणे आकारतात. आमच्या ओळीचा आणि समोरच्या ओळीचा सरकारी दर एकच निघाला. बाजारात मात्र त्या दोन ओळींमध्ये जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा फरक होता. सरकारी कागदाला नाक नसते, बाजाराला असते. त्या पाचव्या हिश्श्याने आमचे म्हातारपण थोडे सुखाचे झाले, हे आम्ही कोणापासून लपवीत नाही.

ज्यांनी असे केंद्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करावयास हवे. घरोघरी फिरणाऱ्या लहान कचरागाड्या सकाळपासून तेथे येऊ लागतात. गाडीत ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या कप्प्यांत असतो. गाडीचे वजन होते, ती उतारावरून वर चढते आणि आपले ओझे खालच्या मोठ्या तोंडात रिकामे करते. तेथे एक यंत्र तो कचरा दाबून बंद पेटीत भरते. पेटी भरली की आकड्याने उचलणारा मोठा ट्रक तिला पाठीवर घेतो आणि नेमावर रस्त्यावरील देवगुराडियाला निघून जातो. कचरा तेथे थांबत नाही. तो नुसता गाडी बदलतो. एखाद्या जंक्शनच्या फलाटालगत राहणाऱ्या माणसाला गाड्यांची वेळ पाठ होते, तशी आम्हांलाही झाली. कोणत्या सणाला कोणता कचरा येतो तेही कळू लागले. अनंतचतुर्दशीनंतर फुले, दिवाळीनंतर खोकी, आंब्याच्या दिवसांत कोयी आणि साली. आपण काय खातो, काय नासतो आणि काय टाकतो, ही साऱ्या शहराची रोजनिशी आमच्या मागच्या भिंतीपलीकडे लिहिली जाते.

इंदूरकरांना या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात पंचविसाव्या क्रमांकावर असलेले हे शहर २०१७ साली पहिले आले आणि पुढे २०२३ पर्यंत दरवर्षी पहिलेच राहिले. त्या शेवटच्या वर्षी सुरतेने मानाची बरोबरी केली, एवढेच. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर वर्षानुवर्षांच्या कचऱ्याचे डोंगर होते. तेरा ते पंधरा लाख टनांचा तो ढीग २०१८ मध्ये उपसून, चाळून, वेगळा करून संपविण्यात आला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथेच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण आम्ही वर्गात अनेकदा समजावून दिली होती. तिचा अर्थ इतक्या शब्दशः पाहावयास मिळेल, असे वाटले नव्हते. पण त्या पांग फिटण्याची वाट आमच्यासारख्यांच्या भिंतीलगतून जाते, ही गोष्ट पुरस्कारांच्या बातमीत येत नाही.

पहिली तीन वर्षे बरी गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र घडी विस्कटली. दाबयंत्र वरचेवर बंद पडू लागले. भरलेल्या पेट्या रात्रभर उघड्या राहू लागल्या आणि त्यांच्यातून झिरपणारे काळे पाणी गल्लीत साचू लागले. माश्या इतक्या, की जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने पंखा. आम्ही तक्रार घेऊन संबंधित कचेरीत गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले, चहाही पाजला. मग म्हणाले, “सर, ताई, राग मानू नका, पण केंद्र आधीपासून होते, घर तुम्ही नंतर घेतले. पाहून घेतले, स्वस्तात घेतले. आता थोडे दिवस खिडक्या बंद ठेवा.”

हे बोलणे मनाला लागले, कारण त्यात तथ्य होते. आम्ही पाहून घेतले होते. स्वस्तात घेतले होते. मग बोलण्याचा हक्क त्या पाचव्या हिश्श्याबरोबर आम्ही विकून टाकला होता काय? घराच्या किमतीत जी सूट मिळाली, तिच्यात कशाकशाचा सौदा झाला होता?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या माळव्यातच, रतलामात, फार पूर्वी दिले गेले आहे. रतलाम म्हटले की लोकांना शेव आठवते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र वर्दीचंद आठवतात. सत्तरच्या दशकात तेथील न्यू रोड भागातल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. उघडी गटारे वाहत होती, मद्याच्या कारखान्याचे सांडपाणी रस्त्यावर येत होते आणि शौचालयांवाचून शेजारच्या झोपडपट्टीतील माणसांना उघड्यावर बसावे लागत होते. नगरपालिकेने दिलेले उत्तर वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. तिचे म्हणणे असे, की हे घरमालक आपल्या खुशीने, परिस्थिती डोळ्यांनी पाहून तेथे राहावयास आले. आता त्यांना तक्रार करता येणार नाही. जोडीला, तिजोरीत पैसा नाही, हेही होतेच.

दंडाधिकाऱ्यांनी रहिवाशांच्या बाजूने हुकूम दिला, सत्र न्यायालयाने तो फिरविला, उच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला आणि २९ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिनप्पा रेड्डी यांच्या पीठाने दोन्ही सबबी नाकारल्या. पाहून राहावयास आले म्हणून नागरिकाचा आरोग्याचा हक्क जात नाही आणि पैसा नाही म्हणून नगरपालिकेचे कर्तव्य संपत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. ज्या कलमाखाली हा दावा चालला ते फौजदारी प्रक्रिया संहितेतील १३३ वे कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच १५२ वे कलम आहे. आकडा बदलला, आशय राहिला.

पण आम्हांला या निकालातील त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. झोपडपट्टी हलवा, असे न्यायालयाने सांगितले नाही. सहा महिन्यांच्या आत स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी पुरेशी सार्वजनिक शौचालये बांधा, पाण्याची सोय करा आणि ती सकाळ-संध्याकाळ स्वच्छ ठेवा, असे सांगितले. म्हणजे सुस्थितीतील घरमालकांच्या तक्रारीवर उपाय ठरला तो त्यांच्या शेजारी आणखी एक सार्वजनिक सोय उभी करण्याचा!

असे दावे सगळीकडेच चालत आले आहेत. इंग्लंडमध्ये डरहॅम परगण्यातील लिंट्झ या गावी सुमारे सत्तर वर्षे क्रिकेट चालू असलेल्या मैदानालगत नवी घरे झाली. १९७२ साली तेथे घर घेतलेल्या एका जोडप्याच्या अंगणात षटकार येऊन पडू लागले. १९७७ च्या निकालात तेथील अपील न्यायालयाने बहुमताने त्यांची तक्रार खरी मानली, नुकसानभरपाईही दिली. मात्र खेळ बंद करण्याचा हुकूम दिला नाही. सी. के. नायडूंच्या गावात राहणाऱ्या आम्हांला हा निकाल आवडावा, यात नवल नाही. लंडनमध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने इमारतीच्या माथ्यावर २०१६ साली सज्जा उघडला, तेव्हा समोरच्या काचेच्या भिंतींच्या सदनिकांमधील संसार लाखो पर्यटकांना दिसू लागले. खालच्या न्यायालयात रहिवाशांना सुचविण्यात आले, की पडदे लावा. आमच्या ‘खिडक्या बंद ठेवा’चीच ही विलायती आवृत्ती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तीन विरुद्ध दोन अशा मतांनी रहिवाशांच्या बाजूने कौल दिला.

हे सारे आम्ही वाचीत होतो, तोच वसाहतीत वेगळी हालचाल सुरू झाली. रहिवासी संघाची सभा भरली. अर्ज तयारच होता : केंद्र येथून हलवावे. संघाचे चिटणीस आमचे जुने स्नेही. गणपतीची आरती वर्षानुवर्षे त्यांच्या आवाजात होते. ते म्हणाले,

“सर, पहिली सही तुमची हवी. भिंत तुमची आहे.”

“पण हलवायचे कुठे?” आम्ही विचारले.

“नाल्यापलीकडे मोकळी जागा आहे ना.”

“मोकळी कुठे, भाऊ? चाळीस-पन्नास झोपड्या आहेत तेथे.”

“आहेत. पण ते लोक काही म्हणणार नाहीत, ताई.”

ते वाईट माणूस नव्हेत. टाळेबंदीच्या काळात याच वस्तीत त्यांनी स्वतः उभे राहून धान्य वाटले होते. जे सर्वांच्या मनात होते, ते त्यांनी सरळपणाने बोलून दाखविले, एवढेच. पण ‘ते लोक काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य आमच्या मनातून जाईना.

सहीची निकड आम्हांलाही कमी नव्हती. केंद्र हलले असते तर आमच्या घराची किंमत एका रात्रीत पाचव्या हिश्श्याने वाढली असती. त्याच वर्षी आमच्यापैकी एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि खर्चाचा आकडा मोठा होता. पुण्याहून चिरंजीव फोनवर म्हणाले, “आई, तत्त्व बाजूला ठेव. सही कर आणि मोकळे व्हा.” दोन रात्री आम्ही याच विषयावर बोललो. एकाचे मत दुसऱ्याला पटत होते आणि सकाळी पुन्हा बदलत होते.

शेवटी एका विचारापाशी आम्ही दोघेही थांबलो. आपल्या गावगाड्यात घाण नेहमीच कोणाच्या तरी लगत असे. ती गावकुसाबाहेर असे आणि तिच्याबरोबर ती उचलणारी माणसेही गावकुसाबाहेर असत. त्यांना कोणी सूट दिली नव्हती, विसार मागितला नव्हता, सकाळी-रात्री पाहून जा असे सांगितले नव्हते. आम्ही निदान हा शेजार निवडला होता. नाल्यापलीकडची माणसे तो निवडणार नव्हती. तो त्यांच्यावर येऊन पडणार होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याची भराव-जागा वस्तीपासून दोनशे मीटर दूर असावी असे सांगितले. परंतु ज्या शहराला रोज शेकडो टन कचरा उचलायचा आहे, त्याला मधला मुक्काम वस्तीतच कोठेतरी करावा लागतो. तो कोणाच्या तरी लगत असणारच. मग तो कसा चालतो, याची चौकशी करू शकणाऱ्यांच्या लगत असलेला काय वाईट?

या शहराला असा धडा एकदा मिळालेला आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून येथे आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. प्लेगने शहर गांजले होते. गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढविली. जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरून ती जाणार, असे जाहीर केल्यामुळे घरोघर सफाईची चढाओढ लागली. त्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि शुभ्र कपडे घातलेले, नव्या पगड्या बांधलेले सफाई कामगारही मानाने चालत होते. जे नजरेआड ठेवण्याची गावाची रीत, ते गेडिस यांनी राजरस्त्यावर आणले. सफाई दूर ढकलून होत नाही, डोळ्यांसमोर ठेवून होते, हे त्यांनी इंदूरला तेव्हाच दाखविले होते.

आम्ही पहिल्या अर्जावर सही केली नाही. दुसरा अर्ज लिहिला. ‘हलवा’ हा शब्द त्यात नव्हता. ‘नीट चालवा’ असा त्याचा आशय होता. भरलेली पेटी रात्री दहाच्या आत उचलावी. उतारावर छप्पर आणि गल्लीच्या बाजूस उंच भिंत घालावी. झिरपणारे पाणी बंद नळाने मलवाहिनीत सोडावे. रोज रात्री फरशी धुवावी. यंत्र बिघडल्यास दुसरे येईपर्यंत गाड्या अन्य केंद्राकडे वळवाव्यात. शेवटी रतलामच्या निकालाचा हवाला दिला. आणि सहावी मागणी केंद्रातील बायकांशी बोलून घातली, कारण ती आम्हांला कधी सुचली नसती. त्यांना हातपाय धुण्यासाठी वेगळी मोरी आणि डबा खाण्यासाठी सावलीची जागा हवी होती. त्या वासात आम्ही खिडकी बंद करून जेवत होतो. त्या त्यातच उघड्यावर जेवत होत्या.

साठ घरांपैकी सतरा घरांनी सही केली. चिटणिसांनी केली नाही. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला आमच्याकडे त्यांचा आवाज नव्हता. प्रसाद मात्र आला. कचेरीच्या पाच खेपा झाल्या. सात-आठ महिन्यांत छप्पर आले, भिंत आली, मोरी झाली, पेटी वेळेवर उचलू लागले. सावलीच्या जागेसाठी आणखी एक वर्ष गेले. पाण्याचा नळ पहिल्या मोठ्या पावसात अजूनही तुंबतो आणि मग आम्ही पुन्हा कागद घेऊन निघतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेव मोडावी लागली. चिटणिसांचे मत आजही बदललेले नाही, आमचेही नाही. बोलणे मात्र पूर्ववत सुरू आहे.

या शेजाराने आम्हांलाही काही शिस्त लावली. ओले, सुके, प्लास्टिक, विजेच्या वस्तू, घरातील घातक वस्तू आणि सॅनिटरी कचरा, हे सहा प्रकार आम्ही वेगळे ठेवतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहितो, कारण ती कोणाच्या हाताला लागणार हे आता आम्हांला चेहऱ्यानिशी ठाऊक आहे. भिंतीपलीकडून गेल्यावर आमचा कचरा कोठे जातो, कोण उचलते, किती वाजता उचलते, हे सारे दिसत असताना तो कसाही टाकणे जड जाते.

गेल्या महिन्यात आमच्या ओळीतील शेवटचे घर विकावयास निघाले. एक तरुण जोडपे पाहून गेले आणि जाताना आमच्या दाराशी थांबले. “काकू, खरे सांगा, वास येतो का?” त्या मुलीने विचारले. “येतो,” आम्ही म्हणालो. “सकाळी आठ ते दहा, आणि पहिल्या पावसात जास्त. एकदा सकाळी येऊन पाहा, एकदा रात्री पाहा. किंमत कमी आहे ती त्यासाठीच. पण ती किंमत गप्प बसण्याची नव्हे.” मग अर्जाची एक प्रत त्यांना दिली, त्यात कोणत्या कचेरीत, कोणत्या खिडकीशी आणि कोणत्या वारी जावे, तेही आम्ही शाईने लिहून ठेवले आहे.